शिवेवरचे जीवन : दोन परिसंस्थांच्या मधला पट्टा

या अंकाचा अभ्यासपाठ



हा पाठ आश्रमशाळांतील शिक्षक, आठवीच्या पुढची मुले-मुली, गावपातळीवरचे कार्यकर्ते आणि बचत गटांतील भगिनी यांनी मिळून वाचावा, अशा बेताने लिहिला आहे. वाचायला अर्धा-पाऊण तास पुरे. शेवटी दिलेल्या कृतीला मात्र एक सकाळ, एक लांब दोरी आणि गावातले एखादे जुने जाणते माणूस लागेल.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. जंगल कोठे संपते आणि शेत कोठे सुरू होते?

हा प्रश्न सातपुड्याच्या पायथ्याच्या कोणत्याही गावात चार जणांना विचारून पाहा. तलाठी नकाशा उघडून रेघ दाखवतील. वनरक्षक सीमेचा दगड दाखवतील. गुरे चारणारा म्हणेल, "पळसांचा पट्टा लागला की समजायचं, जंगल आलं." मोह वेचणारी आजी म्हणेल, "आमची मोहाची झाडं शेतातबी हायेत अन् जंगलातबी. तुम्ही कोणतं जंगल म्हणता?"

चौघेही खरे बोलतात. पण त्यांची उत्तरे एक नाहीत, आणि त्यांतल्या कोणत्या उत्तराला कागदावर मान मिळतो यावर कित्येक कुटुंबांचे पोट अवलंबून असते. म्हणून निसर्गाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ 'सीमा' या गोष्टीकडे कसे पाहतात, हे आपण समजून घेऊ.

घाटाखालून सातपुड्याकडे

वडनेर भोलजी हे नांदुरा तालुक्यातले, राष्ट्रीय महामार्गावरचे गाव. आपल्या जिल्ह्यात माणसे ठिकाण सांगताना 'घाटावरचा' आणि 'घाटाखालचा' असे दोन शब्द सहज वापरतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेचा उतार ही त्यामधली सीमा. वडनेर घाटाखाली. इथून दक्षिणेला गेले की राजूर घाट चढून बुलढाणा. उत्तरेला गेले की पूर्णा नदी, तिच्यापलीकडे जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुके, आणि मग सातपुडा.

मनातल्या मनात वडनेरहून उत्तरेला निघू. आधी लागते काळ्या मातीचे सपाट शिवार. कपाशी, सोयाबीन, तूर, हरभरा. धुऱ्यावर बाभूळ, कडुनिंब, हिवर, बोर. नाला आला की झाडे बदलतात. करंज, उंबर, जांभूळ दिसू लागतात. पुढे पूर्णेचे खोरे. इथली गाळाची माती काही ठिकाणी शेकडो मीटर खोल आहे. चिकण माती, पाण्याचा निचरा कमी आणि भूजलात क्षार जास्त, म्हणून अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या भागाला खारपाण पट्टा म्हणतात. वरून पाहिले तर शेत शेतासारखेच दिसते, पण विहिरीचे पाणी तोंडात घेतले की सीमा कळते. ही सीमा डोळ्यांना दिसत नाही, जिभेला लागते.

आणखी उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी माती पुन्हा बदलते. डोंगरातून ओढ्यांनी आणलेले गोटे, वाळू आणि मुरूम यांचा इथे थर साचला आहे. भूजलशास्त्रज्ञ याला 'बझाडा' म्हणतात. डोंगरातून धावत आलेले पाणी या पट्ट्यात येऊन जमिनीत मुरते. पावसाळ्यात दुथडी वाहणारा ओढा पायथ्याशी आल्यावर कोठे गेला, असे वाटते, तो इथेच खाली उतरलेला असतो. खालच्या गावांच्या विहिरींना हा पट्टा पाणी पुरवतो. संत्र्याच्या बागाही याच पाण्याच्या जोरावर उभ्या राहिल्या.

मग चढ सुरू होतो. आधी पळस, खैर, बोर, उंच गवत. मग साग, सालई, धावडा, ऐन, तेंदू, मोह, चार. संग्रामपूर तालुक्यातले अंबाबरवा अभयारण्य आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. या डोंगरउतारावर आणि पायथ्याला कोरकू, भिल, निहाल अशा समाजांची गावे आहेत.

या प्रवासात आपण किती सीमा ओलांडल्या? शेत-नाला, नाला-नदी, गोडे पाणी-खारे पाणी, गाळ-गोटाळ, गोटाळ-डोंगर, गवत-जंगल. यांपैकी एकही सीमा एका पावलात ओलांडता आली नाही. दिवस आणि रात्र यांच्यामध्ये जशी तिन्हीसांज असते, तसा प्रत्येक ठिकाणी मधे एक पट्टा होता, आणि त्या पट्ट्याची स्वतःची झाडे, स्वतःचे पाखरू, स्वतःची माती होती.

शास्त्रज्ञांनी काय नाव दिले

एखाद्या जागेतील माती, पाणी, हवा, वनस्पती, प्राणी आणि सूक्ष्मजीव यांच्या एकमेकांशी बांधलेल्या व्यवस्थेला परिसंस्था म्हणतात. जंगल ही एक परिसंस्था, तळे ही दुसरी, माळरान ही तिसरी. दोन परिसंस्था जिथे भेटतात त्या मधल्या पट्ट्याला 'इकोटोन' म्हणतात. मराठीत आपण त्याला संक्रमण पट्टा म्हणू. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९०५ च्या सुमारास हा शब्द रूढ केला. त्यातला 'टोन' हा भाग ग्रीक भाषेतून आला आहे आणि त्याचा अर्थ ताण. दोन्ही बाजूंची ओढ जिथे जाणवते ती जागा, असा भाव त्यात आहे.

क्लेमेंट्स यांना वाटे की जंगल म्हणजे जणू एकच मोठा जीव आहे, आणि जीवाला जशी कातडी असते तशी जंगलाला कड असते. सगळ्यांना हे पटले नाही. हेन्री ग्लीसन यांनी १९२६ मध्ये मांडले की प्रत्येक जातीचे झाड आपापल्या गरजेप्रमाणे वाढते. शेजाऱ्याशी त्याचा काही करार झालेला नसतो. पुढे रॉबर्ट व्हिटेकर यांनी अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी पर्वतांत उंचीप्रमाणे झाडांच्या नोंदी घेतल्या आणि १९५६ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. त्यांना दिसले की डोंगर चढताना सगळी झाडे एकदम बदलत नाहीत. एक जात इथे विरळ होते, दुसरी थोडी पुढे, तिसरी आणखी पुढे. सीमा म्हणजे भिंत नव्हे. ती रंग हळूहळू फिका होत जावा तशी असते.

आज दोन्ही विचारांतले खरे ते घेतले जाते. जिथे माती, पाणी किंवा उंची एकदम बदलते तिथे सीमा ठळक पडते. जिथे ती हळूहळू बदलते तिथे पट्टा रुंद होतो.

दोन्ही प्रकार आपल्या जिल्ह्यात पाहायला मिळतात. पायथ्याचा पळस-गवताचा पट्टा हा हळूहळू बदलणारा. लोणारचे सरोवर ठळक सीमेचे उदाहरण. सरोवराचे पाणी अतिशय अल्कधर्मी आहे. पण विवराच्या उतारावर गोड्या पाण्याचे झरे आहेत आणि ते सरोवराकडे वाहतात. झऱ्याकाठची हिरवी झाडी आणि खाली सरोवराचा क्षारांनी पांढरा पडलेला काठ यांत फार अंतर नाही, पण तेवढ्या वाटेत जीवसृष्टी पार बदलते. आत पाण्यात टिकतात ते प्रामुख्याने अशा क्षारांना सरावलेले सूक्ष्मजीव. २०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी दिसू लागले तेही अशाच क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी लोणारला रामसर यादीतील पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली.

पट्टा मोजतात कसा

यासाठी मोठी यंत्रे लागतातच असे नाही. शेतातून जंगलाकडे एक सरळ दोरी ताणतात. दोरीवर ठरावीक अंतरावर चौकोन आखतात. प्रत्येक चौकोनात कोणती झाडे, झुडपे, गवते आहेत ते मोजतात. उजेड, मातीचा ओलावा, उष्णता यांची नोंद करतात. मग शेजारच्या चौकोनांची तुलना करतात. जिथे एका चौकोनातून दुसऱ्यात जाताना जातींची यादी वेगाने बदलते, तिथे संक्रमण पट्टा आहे असे समजतात. आता उपग्रहाच्या छायाचित्रांवरूनही अशी मोजणी होते, पण चित्रातला हिरवा ठिपका साग आहे की विलायती बाभूळ, हे शेवटी जमिनीवर जाऊनच पाहावे लागते.

मोजताना आणखी एक प्रश्न विचारतात: ही सीमा कोणासाठी आहे? डांबरी रस्ता माणसाला वाट आहे, कासवाला तो अडथळा आहे आणि घारीला तो काहीच नाही. तारेच्या कुंपणातून साप जातो, रोही जात नाही. म्हणजे एकच सीमा एकाला भिंत, दुसऱ्याला चाळणी आणि तिसऱ्याला उघडे दार असते.

कडेचा लाभ

अमेरिकेतले वन्यजीव अभ्यासक आल्डो लिओपोल्ड यांनी १९३३ मध्ये एक निरीक्षण नोंदवले. शिकारीचे पुष्कळसे पशुपक्षी जंगलाच्या आत किंवा उघड्यावर राहण्यापेक्षा दोहोंच्या कडेला अधिक सापडतात. कारण सोपे आहे. चारा उघड्यावर मिळतो, आसरा झाडीत मिळतो; दोन्ही हाताशी असतील तिथे जीव राहतो. याला कडेचा परिणाम म्हणतात.

आपल्याकडे हे रोज दिसते. धुऱ्यावरच्या बाभळीवर बसून कोतवाल शेतातले किडे टिपतो. सातभाईंचा थवा काटेरी झुडपांतून पिकात आणि पिकातून झुडपांत उड्या मारतो. नदीच्या थडीवर टिटवी, बगळे आणि धोबी असतात. मोर दाणे टिपायला शेतात येतो आणि रात्री उंच झाडावर जातो. ज्या शेताच्या धुऱ्यावर झाडे आणि गवत असते तिथे किडे खाणारी पाखरे, मधमाशा आणि मित्रकीटक टिकून राहतात.

माणसाचेही तसेच आहे. कड ही माणसाने फार जुन्या काळापासून वस्तीसाठी निवडलेली जागा आहे. पायथ्याच्या गावाला शेत आहे आणि जंगलही. मार्च-एप्रिलमध्ये मोह, उन्हाळ्यात तेंदूपत्ता आणि चारोळी, पावसाळ्यात रानभाज्या, हिवाळ्यात आवळा. पीक बुडाले त्या वर्षी जंगल आधार देते. ज्या घरात दोन एकर कोरडवाहू आहे, त्या घराला हा दुसरा हात नसेल तर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

कडेचा ताण

पण कड जितकी जास्त तितके चांगले, असे समजणे चुकीचे ठरेल. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात गेट्स आणि गायसेल या अभ्यासकांनी शेत-जंगलाच्या कडेला पाखरांची घरटी मोजली. १९७८ मध्ये त्यांनी लिहिले की कडेजवळ घरटी दाट होती, पण त्यांतून उडून गेलेली पिले मात्र कमी होती. घरट्यांवर टपणारे शत्रूही कडेलाच जमत होते. पाखरांना जी जागा चांगली वाटत होती, तीच त्यांना सापळा ठरत होती.

दुसरा अनुभव ब्राझीलचा. तिथे मानौस शहराजवळ १९७९ पासून एक दीर्घ अभ्यास चालू आहे. सलग जंगलातून १, १० आणि १०० हेक्टरचे तुकडे वेगळे पडले, तेव्हा त्यांत काय होते ते तिथे नोंदवतात. कडेने ऊन आणि वारा आत शिरतो, माती सुकते. कडेपासून ३०० मीटरच्या आत मोठी झाडे आतल्या भागापेक्षा जवळजवळ तिप्पट वेगाने मरतात, असे तिथे आढळले. आपले पानझडी जंगल मुळातच मोकळे आणि उन्हाला सरावलेले आहे, त्यामुळे तिथला आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण तुकडे पडले की कड वाढते, हा हिशेब सगळीकडे सारखाच आहे.

तो हिशेब फळ्यावर करून पाहा. १०० हेक्टरचे एक चौरस जंगल घ्या. त्याची प्रत्येक बाजू १००० मीटर, म्हणजे एकूण कड ४ किलोमीटर. कडेचा त्रास २५ मीटर आत पोचतो असे धरा. आत उरलेले शांत जंगल ९५० गुणिले ९५० मीटर, म्हणजे ९० हेक्टरांहून थोडे जास्त. आता याच जंगलाचे १ हेक्टरचे १०० सुटे तुकडे करा. प्रत्येकाची बाजू १०० मीटर. एकूण कड झाली ४० किलोमीटर. प्रत्येक तुकड्यात शांत जागा उरली ५० गुणिले ५० मीटर, म्हणजे पाव हेक्टर. शंभर तुकड्यांची मिळून २५ हेक्टर. कागदावर जंगल १०० हेक्टरच आहे, एक झाडही मोजणीत कमी झालेले नाही. पण आतल्या जिवांचे घर ९० वरून २५ वर आले.

असे आत राहणारे जीव कोणते? सातपुड्याचा रानपिंगळा घ्या. हे लहानसे घुबड १८८४ नंतर कोणालाच खात्रीने सापडले नव्हते. ते नाहीसे झाले असेच मानत. ११३ वर्षांनी, १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये, नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ ते पुन्हा दिसले. पुढे मेळघाटातही आढळले. त्याला मोकळे सागवानी जंगल चालते, पण घरट्यासाठी ढोली असलेली जुनी झाडे हवीत. कडेची झाडे आधी तुटतात, आणि ढोलीचे झाड तर 'वाळके' म्हणून सगळ्यांत आधी. नवे रोप लावून ढोली मिळत नाही. त्याला अनेक दशके जावी लागतात.

कड विसकटली की तिथे कोण येते, तेही पाहा. घाणेरी, विलायती बाभूळ, गाजरगवत. यांना उघडी, हललेली माती आवडते. घाणेरी माजली की खाली गवत उगवत नाही, गुरे उपाशी राहतात आणि मोहाचे नवे रोप दबून जाते. दुसरीकडे रोही आणि रानडुक्कर यांना अशी कड मानवते. दिवसा झुडपात लपायचे आणि रात्री तुरीत, मक्यात शिरायचे. आपले शेतकरी बांधव हिवाळ्याच्या रात्री शेतात जागली करतात, त्यामागे हीच कड आहे. लिओपोल्ड यांनी सांगितलेला कडेचा लाभ जनावराला मिळतो, आणि त्याचे बिल सर्वांत गरीब शेतकरी भरतो.

सीमा ओलांडणारा पाहुणा

आपल्या जिल्ह्याला हे सारे एका वाघाने शिकवले. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण नर वाघाच्या गळ्यात २०१९ च्या फेब्रुवारीत रेडिओ कॉलर बसवली होती. जूनमध्ये तो स्वतःच्या क्षेत्राच्या शोधात निघाला. महाराष्ट्र आणि तेलंगणातून, शेते, ओढे, कालवे आणि रस्ते ओलांडत, तो डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलरच्या नोंदींप्रमाणे त्याची एकूण भटकंती ३००० किलोमीटरहून अधिक भरली.

यातले लक्षात ठेवण्याजोगे असे. त्या वाटेवर सलग जंगल नव्हतेच. होते ते ओढ्याकाठची झाडी, पडीक रान, उभे पीक आणि टेकड्यांवरची झुडपे. ज्याला आपण 'काही नाही, नुसती नाल्याची काटेरी झाडी' म्हणतो, ती त्या वाघाला वाट झाली. ज्ञानगंगा अभयारण्य सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे, चारी बाजूंनी शेतीने वेढलेले. अशा बेटाला दुसऱ्या जंगलाशी जोडून ठेवणारे धागे आपल्या शिवारातल्या नाल्यांच्या काठांनी विणलेले आहेत.

कागदावरची रेघ आणि गावाची शीव

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. शासनाला काम करायला रेघ लागते. रेघ नसेल तर हक्कही सांगता येत नाही आणि जबाबदारीही. अडचण तेव्हा येते, जेव्हा रुंद पट्ट्यावर एक बारीक रेघ ओढली जाते आणि त्या पट्ट्यात राहणाऱ्यांना कोणी विचारत नाही. मग एका रात्रीत गुरांची वाट 'अतिक्रमण' होते आणि आजीचे मोहाचे झाड दुसऱ्याच्या हद्दीत जाते.

कायद्याने मात्र हा पट्टा काही प्रमाणात ओळखला आहे, आणि ते आपल्याला माहीत असले पाहिजे.

एक. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ मध्ये झालेल्या सुधारणेप्रमाणे व्याघ्र प्रकल्पाला गाभा क्षेत्र आणि त्याभोवती बफर क्षेत्र असते. बफरमध्ये माणूस आणि वन्यजीव यांनी बरोबर राहावे असा हेतू आहे. बफरच्या हद्दी ठरवताना संबंधित ग्रामसभांशी विचारविनिमय करावा, असे त्यात म्हटले आहे.

दोन. सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२२ रोजी संरक्षित वनांभोवती किमान एक किलोमीटरचा पर्यावरण-संवेदनशील पट्टा ठेवण्याचा आदेश दिला होता. २६ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयानेच तो सौम्य केला. सगळ्या जंगलांभोवती एकाच मापाचा पट्टा बसवणे कठीण आहे, हे त्यातून दिसून आले. व्हिटेकर यांच्या डोंगरानेही तेच सांगितले होते.

तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. वनहक्क कायदा, २००६ हा 'सामुदायिक वनसंपत्ती' सांगताना गावाच्या पारंपरिक किंवा रूढीने चालत आलेल्या सीमेतील वनजमीन असे म्हणतो. म्हणजे नकाशावरच्या रेघेबरोबरच गावाच्या आठवणीतली शीवही कायद्याला मान्य आहे. पुरावा म्हणून गावातील वयस्क माणसांचे लेखी जबाब चालतात. जुन्या विहिरी, बांध, दफनभूमी, पूजेच्या जागा याही चालतात. ज्या आजीला आपण सुरुवातीला भेटलो, तिचे बोलणे हा पुरावा आहे. तो वेळेवर लिहून घेतला नाही तर तिच्याबरोबरच जाईल.

असे करून दाखवलेले गाव आपल्यापासून फार दूर नाही. अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यात, मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर हे कोरकू वस्तीचे गाव आहे. २०१२ मध्ये त्या गावाला १९३ हेक्टर वनक्षेत्रावर सामूहिक वनहक्क मिळाला. जमीन बहुतांशी उजाड होती. गावाने चराईचे नियम केले, जलसंधारणाची कामे केली, झाडे लावली आणि राखली. पुढे तिथल्या सीताफळाची विक्री गावाने स्वतः केली. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या जैवविविधता पुरस्काराने गावाचा गौरव झाला. उजाड झालेली कड पुन्हा जिवंत होऊ शकते, आणि ती तिथे राहणाऱ्यांच्या हातून होते, हे पायविहीरने दाखवले.

आपल्याकडे आणखी एक नवी कड तयार होत आहे. पूर्णा नदीवर जिगाव येथे मोठ्या धरणाचे काम अनेक वर्षे चालू आहे. जलाशय भरला की नांदुरा-जळगाव जामोद भागात पाणी आणि जमीन यांची सीमा नव्याने आखली जाईल, आणि ती दर वर्षी पावसाळ्यात वर चढेल, उन्हाळ्यात खाली उतरेल. उघड्या पडणाऱ्या गाळावर पीक घेणे म्हणजे गाळपेर. ती कोण करणार, मासे कोण धरणार, काठाची झाडी कोण राखणार, हे प्रश्न ग्रामसभांनी आधीच बोलून ठेवावेत. कड आधी रिकामी दिसते; ती फार दिवस रिकामी राहत नाही.

आपण काय करू शकतो

धुरा साफ करताना तो पेटवू नका. एका बाजूचे तरी गवत आणि झुडपे राखा. नाल्याच्या दोन्ही काठांना निदान काही पावले झाडी राहू द्या. माती वाहून जाणे थांबेल आणि पाखरांना वाट मिळेल. पायथ्याच्या गोटाळ पट्ट्यात ओढ्याचे पाणी अडवा, कारण ते तिथेच सर्वांत चांगले मुरते. घाणेरी फुलावर येण्याआधी मुळासकट काढा आणि त्या जागी लगेच गवताचे बी टाका. जागा मोकळी सोडली तर ती परत येते. ढोलीचे जुने झाड तोडण्यापूर्वी दोनदा विचार करा. वन्य जनावराने पिकाचे नुकसान केले तर वाट न पाहता वनकार्यालयात लेखी अर्ज देऊन पंचनामा करून घ्या. बोलून ठेवलेली तक्रार कागदावर येत नाही.

करून पाहा

१. गावाजवळची एक सीमा निवडा: शेत आणि नाला, गायरान आणि जंगल, किंवा तळे आणि माळ.

२. सीमेच्या दोन्ही बाजूंना मिळून ५० मीटर दोरी सरळ ताणा. दर ५ मीटरवर एक खूण करा. प्रत्येक खुणेपाशी दोन मीटर बाजूचा चौकोन काठ्यांनी आखा.

३. चौकोनातल्या प्रत्येक वनस्पतीचे गावात चालणारे नाव लिहा. कोरकू, भिली, वऱ्हाडी, जे असेल ते. नाव माहीत नसेल तर पान वहीत चिकटवा आणि घरी आजी-आजोबांना विचारा.

४. मूठभर माती दाबून पाहा: गोळा होते, सुटी राहते की चिकटते? तसे लिहा. सकाळी दहा आणि दुपारी दोन वाजता सावली किती आहे तेही लिहा.

५. वहीत चौकोनांच्या याद्या शेजारी-शेजारी ठेवा. यादी सर्वांत जास्त कोठे बदलली? तिथे खूण करा. आता सीमेचा दगड किंवा कुंपण कोठे आहे ते पाहा. दोन्ही एकाच जागी आले का?

हीच वही पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी पुन्हा काढा. तीन वर्षांत कड कोणत्या बाजूला सरकते आहे ते मुलांना स्वतःलाच सांगता येईल.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या गावाची शीव कोठे आहे? तीन वयस्क माणसांना वेगवेगळे विचारा. उत्तरांत फरक आला तर का आला असेल?

२. कडेच्या झाडीचा लाभ कोणाला होतो आणि तिचा त्रास कोणाला होतो? दोन्ही एकाच घराला होतात का?

३. आपल्या शिवारात वाघाने किंवा बिबट्याने वाट म्हणून वापरावी अशी नाल्याची झाडी उरली आहे का? नसेल तर ती केव्हा गेली?

४. ग्रामसभेने सामूहिक वनहक्काचा दावा केला आहे का? केला असेल तर त्याच्या नकाशावर जुन्या विहिरी, दफनभूमी आणि मोहाची झाडे दाखवली आहेत का?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आले, तर येत्या ग्रामसभेच्या आधी एक दिवस ठरवा. वही, पेन आणि दोन तरुण मुले बरोबर घ्या, आणि ज्या आजीला शिवेवरचे प्रत्येक झाड ठाऊक आहे, तिला पुढे चालू द्या.